मुंबई–न्यूयॉर्क : अंतर पृथ्वीचं, वेळ वाऱ्याची

मुंबईच्या विमानतळापासून न्यूयॉर्कच्या जॉन एफ. केनेडी विमानतळापर्यंतचं हवाई अंतर सुमारे १२,५३० किलोमीटर आहे. मोठं जेट विमान तासाला साधारण ९०० किलोमीटर जातं. शाळेत शिकलेलं सूत्र लावून भागाकार केला, तर उत्तर येतं चौदा तास. प्रत्यक्षात मुंबईहून निघालेल्या विमानाला तिथे पोचायला साधारण सोळा तास लागतात, कधी त्याहूनही जास्त. परतीला मात्र चौदा-साडेचौदा तासांत माणूस मुंबईत उतरतो. तेच दोन विमानतळ, बहुधा त्याच जातीचं विमान, आणि जाण्यायेण्यात दीड-दोन तासांची तफावत.

न्यू जर्सीत लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या आजींना, किंवा गुडघे धरलेल्या आजोबांना हा फरक नुसत्या आकड्यांचा नसतो. म्हणून तो नीट समजून घेण्याजोगा आहे. तिकीट काढताना किंवा नकाशावर आपल्याला जे ‘अंतर’ दिसतं, ती फक्त पृथ्वीची मोजणी असते. प्रवास किती तासांचा होणार हे ठरवतात वारा, टाकीतलं इंधन आणि देशांनी आकाशात आखलेल्या हद्दी. तेही रोज नव्याने.

आधी अंतराचंच पाहू. दोन विमानतळांमधलं अंतर म्हणजे नेमकं कुठून कुठपर्यंत? प्रत्येक विमानतळाचा एक अधिकृत संदर्भबिंदू ठरवलेला असतो. तो बहुधा धावपट्ट्यांच्या मांडणीच्या मध्याजवळ असतो, आणि त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर केलेले असतात. अशा दोन बिंदूंमधलं, पृथ्वीच्या पृष्ठभागावरून मोजलेलं कमीत कमी अंतर म्हणजे आपल्याला मिळणारा आकडा. पृथ्वी पूर्ण गोल धरली तर हे गणित अकरावीच्या त्रिकोणमितीने सुटतं. पण पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी आहे. विषुववृत्तापाशी तिची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर, तर ध्रुवांपाशी ६,३५७. एवढ्या फरकामुळे लांबच्या अंतरात काही किलोमीटर ते काही दशक किलोमीटरांची चूक होऊ शकते. चपटेपणा धरून अचूक अंतर काढण्याची जी पद्धत सर्वत्र वापरात आहे, ती थॅडियस व्हिन्सेंटी या भूमापनतज्ज्ञाने १९७५ साली प्रसिद्ध केली. दोन ठिकाणी दोन थोडे वेगळे आकडे दिसले तर बहुधा एकाने पृथ्वी गोल धरलेली असते आणि दुसऱ्याने चपटी. विमान दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून जातं, म्हणजे थोड्या मोठ्या गोलावरून जातं, हेही कुणाच्या मनात येईल. त्याने मुंबई–न्यूयॉर्क अंतर जेमतेम वीसेक किलोमीटरने वाढतं. ते सोडून देता येतं.

खरी गंमत त्या कमीत कमी अंतराच्या वाटेत आहे. घरात पृथ्वीगोल असेल तर एक दोरा घ्या, एक टोक मुंबईवर आणि दुसरं न्यूयॉर्कवर धरा आणि दोरा ताणा. न्यूयॉर्क पश्चिमेला आहे असं आपण धरून चालतो, पण दोरा पश्चिमेला जातच नाही. तो मुंबईहून जवळजवळ उत्तरेकडे निघतो, उत्तरेच्या फक्त सत्तावीस अंश पश्चिमेला. सिंध आणि बलुचिस्तान ओलांडून तो अफगाणिस्तानात शिरतो, तुर्कमेनिस्तानच्या काराकुम वाळवंटावरून कझाकस्तानच्या पश्चिम टोकाला जातो आणि मॉस्कोच्या अगदी जवळून सरकतो. मग हेलसिंकीच्या थोडं उत्तरेला, पुढे स्वीडन, नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमच्या आसपास. तिथून समुद्र ओलांडून आइसलँडच्या दक्षिण भागावर, जिथे व्हात्नायोकुल ही प्रचंड हिमनदी आहे. नंतर ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाला जेमतेम स्पर्श करून कॅनडातला लाब्राडोर, आणि मग मेन राज्यावरून न्यूयॉर्क. वाटेत हा दोरा जवळपास पासष्ट अंश उत्तर अक्षांशापर्यंत चढतो. उत्तर ध्रुववृत्त तिथून फार दूर नाही.

भूगोलात याला बृहद्वृत्त म्हणतात. पृथ्वीच्या केंद्रातून जाणाऱ्या प्रतलाने पृथ्वी कापली की पृष्ठभागावर जे वर्तुळ उमटतं ते बृहद्वृत्त, आणि दोन ठिकाणांमधली सर्वांत जवळची वाट नेहमी त्यावरच असते. भिंतीवरच्या सपाट नकाशावर मुंबई आणि न्यूयॉर्क पट्टीने जोडून पाहा. ती रेषा सौदी अरेबिया, तांबडा समुद्र, इजिप्त, सहाराचं वाळवंट आणि मोरोक्को असं करत अटलांटिकवर जाते. डोळ्यांना ती सरळ वाटते, पण तिची लांबी भरते सुमारे १४,२०० किलोमीटर. दोऱ्याच्या वाटेपेक्षा सोळाशे-सतराशे किलोमीटर जास्त.

दोष नकाशाचा नाही, त्याच्याकडून आपण जे मागतो त्याचा आहे. गेरार्डस मर्केटरने १५६९ साली आपला नकाशा काढला तो दर्यावर्दी लोकांसाठी. होकायंत्राची सुई एकाच कोनावर धरून गेलं तर मुक्कामी पोचता यावं, एवढीच त्याची अपेक्षा होती आणि ती त्याने चोख पूर्ण केली. त्यासाठी ध्रुवांकडचे प्रदेश त्याला ताणावे लागले. त्या नकाशावर ग्रीनलँड आफ्रिकेएवढं दिसतं, प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदा पट आहे. पुढे हाच नकाशा शाळांच्या भिंतींवर चढला, आणि उत्तरेकडून अमेरिकेला जाणारं विमान वाकडी वाट घेतं असा समज पिढ्यान्‌पिढ्या रुजला. विमानातल्या पडद्यावर आपली वाट कमानीसारखी वाकलेली दिसते तेव्हा वाकलेला असतो तो नकाशा.

पण ही सर्वांत जवळची वाटही कोणतंच विमान जशीच्या तशी उडत नाही. त्याचं पहिलं कारण वारा.

जेट विमानं नऊ ते बारा किलोमीटर उंचीवरून उडतात, कारण तिथली हवा विरळ असते, तिचा अडथळा कमी होतो आणि इंधन वाचतं. नेमक्या याच उंचीवर पृथ्वीभोवती अरुंद, वेगवान वाऱ्यांचे पट्टे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहत असतात. त्यांना आपण जेट स्ट्रीम म्हणतो. विषुववृत्ताकडची हवा उष्ण, ध्रुवाकडची थंड. या दोन्हींच्या सीमेवर हवेच्या दाबात उंचीवर मोठी तफावत होते आणि वारा धावतो. पृथ्वीच्या परिवलनामुळे तो उत्तरेकडे न जाता पूर्वेकडे वळतो. हिवाळ्यात ही तफावत वाढते, म्हणून वारेही जोर धरतात. तासाला दीडशे-दोनशे किलोमीटर वेग नेहमीचा, तीनशेच्या पुढेही जातो. उत्तर भारतात रब्बीला पाऊस देणारे पश्चिमी विक्षोभ याच उंचावरच्या वाऱ्यांबरोबर येतात, हे आपल्या शेतकऱ्यांना हवामानाच्या बातम्यांतून ठाऊक असतं. तोच वारा वर विमानाच्या अंगावर येतो.

हे वारे पहिल्यांदा पद्धतशीर मोजले ते वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञाने. १९२०च्या दशकात टोकियोच्या ईशान्येला असलेल्या तातेनो वेधशाळेतून तो फुगे सोडत असे आणि दुर्बिणीतून त्यांच्यावर नजर ठेवत असे. हिवाळ्यात ठरावीक उंचीवर गेले की फुगे भलत्याच वेगाने पूर्वेला जात. हे निष्कर्ष साऱ्या जगाला वाचता यावेत म्हणून त्याने १९२६ साली ते एस्पेरांतो या कृत्रिम आंतरराष्ट्रीय भाषेत छापले. ती भाषा वाचणारे इतके थोडे होते की जपानबाहेर कुणी फारशी दखल घेतली नाही. मला ही विज्ञानाच्या इतिहासातली फार हळहळ लावणारी गोष्ट वाटते. १९४४ साली अमेरिकेची बी-२९ बॉम्बर विमानं जपानवर नऊ किलोमीटर उंचीवरून आली तेव्हा वैमानिकांना कळेना, की वाऱ्यासमोर उडताना आपण जमिनीवरून जवळपास पुढे सरकतच कसे नाही, आणि वाऱ्याबरोबर उडताना बॉम्ब लक्ष्यापासून इतके दूर का पडतात. उत्तर ओइशीच्या तक्त्यांत अठरा वर्षं छापलेलं होतं.

प्रवासी विमानांनी या वाऱ्याचा मुद्दाम उपयोग करायला सुरुवात केली १९५२च्या नोव्हेंबरात. पॅन अमेरिकन कंपनीचं विमान टोकियोहून होनोलुलूला निघालं आणि जाणूनबुजून सात-साडेसात किलोमीटर उंचीवरच्या वाऱ्यात शिरलं. अठरा तासांचा प्रवास साडेअकरा तासांत झाला.

मुंबई–न्यूयॉर्कचं कोडं इथे सुटतं. पश्चिमेला जाताना वारा समोरून, येताना पाठीमागून. विमानाचा ९०० किलोमीटरचा वेग हा भोवतालच्या हवेच्या तुलनेतला असतो. हवाच जर तासाला शंभर किलोमीटर वेगाने पूर्वेला वाहत असेल, तर जमिनीच्या हिशेबात विमान जाताना ८०० ने जातं आणि येताना १,००० ने. फेब्रुवारी २०२०मध्ये न्यूयॉर्कहून लंडनला निघालेलं ब्रिटिश एअरवेजचं बोइंग ७४७ एका मोठ्या वादळाच्या वाऱ्यावर स्वार होऊन ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. जमिनीच्या हिशेबात त्याचा वेग तासाला तेराशे किलोमीटरच्या वर गेला होता, म्हणजे ध्वनीच्या वेगापेक्षा जास्त. तरी त्याने ध्वनीची भिंत ओलांडली नाही, कारण भोवतालच्या हवेतून ते नेहमीच्याच वेगाने जात होतं.

एक गोष्ट मात्र पुष्कळांना पटत नाही. जाताना वाऱ्याने हिरावलेला वेळ येताना पूर्ण परत मिळत नाही. १२,५३० किलोमीटरला ८०० ने भागलं तर १५ तास ४० मिनिटं, १,००० ने भागलं तर १२ तास ३२ मिनिटं. बेरीज २८ तास १२ मिनिटं. वाराच नसता तर दोन्ही फेऱ्या मिळून २७ तास ५१ मिनिटं लागली असती. समोरच्या वाऱ्यात विमान अधिक काळ अडकून राहतं, पाठीमागचा वारा थोडाच काळ लाभतो. म्हणून वीस मिनिटं कायमची गेली.

वाऱ्याचा हा हिशेब उड्डाणाच्या काही तास आधी जमिनीवर होतो. फ्लाइट डिस्पॅचर नावाची मंडळी त्या रात्रीच्या वाऱ्यांचा अंदाज समोर ठेवून संगणकावर अनेक वाटा तपासतात. कोणत्या वाटेने इंधन कमी जळेल, कुठे वादळ आहे, कुठल्या देशाला त्याचं आकाश वापरण्याची किती फी द्यावी लागेल, हे सगळं त्यात येतं. कागदावर चारशे किलोमीटर लांब असलेली वाट वाऱ्यामुळे अर्धा तास लवकर पोचवणारी निघू शकते. उत्तर अटलांटिकवर तर वाटा रोज नव्या आखल्या जातात. एका बाजूला ब्रिटन-आयर्लंडचं शॅनविक आणि दुसऱ्या बाजूला कॅनडातलं गँडर ही दोन नियंत्रण केंद्रं वाऱ्याचा अंदाज पाहून समांतर हवाई वाटांचा जुडगा ठरवतात: दिवसा अमेरिकेकडे जाणाऱ्यांसाठी एक, रात्री युरोपकडे येणाऱ्यांसाठी दुसरा. काल जिथून विमान गेलं तिथून आज जाईलच असं नाही.

मुंबईहून निघणाऱ्या मोठ्या विमानाच्या पोटात किती इंधन असतं याची कल्पना क्वचितच कुणाला असते. बोइंग ७७७-३००ईआर या विमानाच्या टाक्यांत १,८१,००० लिटर इंधन मावतं. वजन जवळपास १४५ टन. उड्डाणाच्या वेळी या विमानाचं एकूण वजन जास्तीत जास्त ३५१ टन असू शकतं, म्हणजे टाक्या भरल्या तर चाळीस टक्के भार नुसता इंधनाचा. आणि तेवढं इंधन वाहून न्यायलाही इंधनच जळतं. म्हणून लांबच्या पल्ल्यात शेवटचा एक तास पहिल्या तासापेक्षा कितीतरी महाग पडतो. जड विमान सुरुवातीला फार उंच जाऊ शकत नाही. इंधन जळून वजन कमी होत गेलं की टप्प्याटप्प्याने वर चढतं. दहा तास झाल्यावर पडद्यावरचा उंचीचा आकडा वाढलेला दिसतो, तो यामुळे. वाटेतल्या अडचणींसाठी, दुसऱ्या विमानतळावर जावं लागलं तर त्यासाठी, आणि शेवटी घिरट्या घालायला अर्ध्या तासाचं असं राखीव इंधन वेगळं ठेवणं सक्तीचंच असतं.

एवढं इंधन वाहणारी विमानं फार जुनी नाहीत. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून लंडनला पहिल्यांदा निघालं, ते कैरो आणि जिनिव्हाला थांबत गेलं. मे १९६०मध्ये न्यूयॉर्कची सेवा सुरू झाली तीही बोइंग ७०७ने, लंडनमार्गे. एअर इंडियाला मुंबईहून न्यूयॉर्कला कुठेही न थांबता जाण्यासाठी २००७चा ऑगस्ट उजाडावा लागला. दोन शहरांमधलं अंतर या सर्व काळात एका किलोमीटरनेही कमी झालं नव्हतं.

आता हद्दी. आपला पृथ्वीगोलावरचा दोरा पुन्हा आठवा: सिंध, बलुचिस्तान, अफगाणिस्तान, रशिया. आजच्या घटकेला त्या वाटेवरचा जवळपास प्रत्येक टप्पा अवघड आहे. २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं. भारतानेही काही दिवसांत तसंच केलं. त्याआधी २०१९च्या फेब्रुवारी ते जुलै या काळात हेच घडलं होतं. अफगाणिस्तानच्या आकाशात ऑगस्ट २०२१पासून हवाई नियंत्रणाची नेहमीची व्यवस्था मोडली. युक्रेनचं आकाश २४ फेब्रुवारी २०२२पासून प्रवासी विमानांना बंद आहे. रशियाने युरोपीय आणि अमेरिकी कंपन्यांना मनाई केली. भारतीय कंपन्यांना तशी मनाई नव्हती. म्हणजे त्याच दोन शहरांच्या मध्ये भारतीय विमानाची वाट एक आणि अमेरिकी विमानाची वेगळी, विमान कोणत्या देशात नोंदवलेलं आहे एवढ्याच कारणाने. पाकिस्तान बंद झाल्यावर मुंबईहून निघालेलं भारतीय विमान आधी अरबी समुद्रावरून पश्चिमेला जातं आणि मग आखातावरून वर वळतं. दिल्लीची परिस्थिती याहून बिकट, कारण तिथून पश्चिमेचं दारच पाकिस्तान. एप्रिल २०२५नंतर दिल्लीहून उत्तर अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना इंधनासाठी व्हिएन्ना किंवा कोपनहेगनला उतरावं लागलं. पंधरा तासांचा थेट प्रवास अठरा-वीस तासांवर गेला, आणि त्याची किंमत मोजली ती खुर्चीत बसलेल्या सामान्य माणसांनी.

फिनलंडच्या फिनएअरची कहाणी याबाबतीत सर्वांत बोलकी आहे. शीतयुद्धात सोव्हिएत आकाश बंद होतं, म्हणून १९८३ साली त्यांनी हेलसिंकीहून टोकियोला थेट उत्तर ध्रुवावरून विमान नेलं, सुमारे तेरा तासांत. सोव्हिएत आकाश उघडल्यावर तोच प्रवास साडेनऊ तासांवर आला आणि हेलसिंकी हे युरोप-आशियाचं मोक्याचं ठिकाण बनलं. २०२२मध्ये रशिया बंद झाला आणि प्रवास पुन्हा तेरा तासांचा झाला. चाळीस वर्षांत विमानं कुठल्या कुठे गेली, पण घड्याळ १९८३ला परतलं.

हद्दीइतकीच जमीन आणि समुद्रही वाट ठरवतात. विमानातला हवेचा दाब अचानक गेला तर वैमानिकाला तीन किलोमीटर उंचीवर उतरावं लागतं, म्हणजे प्रवाशांना श्वास घेता येईल. तिबेटच्या पठारावर जमीनच साडेचार किलोमीटरवर आहे. खाली उतरायला जागा नाही. म्हणून भारतातून उत्तरेला सरळ जाणाऱ्या वाटा कागदावर जवळच्या असूनही टाळल्या जातात. दोन इंजिनांच्या विमानाला आणखी एक बंधन आहे: एक इंजिन बंद पडलं तर उरलेल्या इंजिनावर ठरावीक वेळात एखादा विमानतळ गाठता आला पाहिजे. अमेरिकेने १९५३मध्ये ही मर्यादा साठ मिनिटांची ठेवली होती. १९८५मध्ये ती १२० झाली, पुढे १८०, आणि आज काही विमानांना ३३० किंवा ३७० मिनिटांपर्यंत परवानगी आहे. इंजिनं भरवशाची झाली म्हणून महासागर आणि ध्रुव मोकळे झाले. तरी वाटेतल्या त्या आडबाजूच्या विमानतळांचं महत्त्व जात नाही. जून २०२३मध्ये दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं विमान इंजिनातल्या बिघाडामुळे अतिपूर्व रशियातल्या मगदान या शहरात उतरलं आणि दुसरं विमान येईपर्यंत प्रवाशांना तिथे थांबावं लागलं. असे विमानतळ वाटेत नसते तर ती वाटच मुळात कुणी आखली नसती.

अंतर आणि वेळ यांची फारकत पाहायची तर दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को याच मार्गाइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं माहीत नाही. एअर इंडियाने २०१५च्या डिसेंबरात ही सेवा सुरू केली तेव्हा विमान पश्चिमेला, युरोप आणि अटलांटिकवरून जात असे: सुमारे १३,९०० किलोमीटर, साडेसोळा तास. २०१६च्या ऑक्टोबरात त्यांनी दिशाच बदलली. विमान दिल्लीहून पूर्वेला निघून चीन, जपान आणि प्रशांत महासागर ओलांडू लागलं. अंतर झालं सुमारे १५,३०० किलोमीटर, चौदाशे किलोमीटर जास्त, आणि वेळ लागला साडेचौदा तास. परतीला मात्र विमान अटलांटिकवरूनच येई, कारण तिथेही पूर्वेकडेच यायचं असतं. दोन्ही वेळा वारा पाठीशी, आणि एका फेरीत पृथ्वीला पूर्ण वळसा. हे ज्यांना सुचलं त्यांनी भूगोल मनापासून वाचला होता, असंच मी म्हणेन. जानेवारी २०२१मध्ये सॅन फ्रान्सिस्को–बंगळुरू थेट सेवेचं पहिलं विमान झोया अगरवाल, पापागरी तन्मयी, आकांक्षा सोनावरे आणि शिवानी मन्हास या चार महिला वैमानिकांनी उत्तर ध्रुवाच्या प्रदेशावरून आणलं. त्या दोन शहरांमधलं हवाई अंतर जवळपास १४,००० किलोमीटर आहे.

तिकिटावर छापलेली वेळ यातली काहीच सांगत नाही. ती विमान दारापासून हलल्यापासून दुसऱ्या टोकाला दारापाशी थांबेपर्यंतची असते. त्यात धावपट्टीच्या रांगेतला वेळ येतो. मुंबईत दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच नीट वापरता येते, आणि रांग लांबते. उतरण्याआधीच्या घिरट्या त्यात येतात, आणि कंपनीने सावधगिरीने धरलेली थोडी वाढही. म्हणून उशिरा निघालेलं विमान कधी वेळेवर पोचतं. ऋतूप्रमाणेही वेळापत्रक बदलतं.

घड्याळाचा घोळ त्याहून सोपा आहे. न्यूयॉर्क हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं, आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत साडेनऊ तास. मध्यरात्रीनंतर एक वाजता मुंबईहून निघून सोळा तास उडालेला माणूस जानेवारीत त्याच तारखेला सकाळी साडेसहाला उतरतो. परतताना दुपारी बाराला निघून चौदा तास उडाला तर मुंबईत दुसऱ्या दिवशीचे दुपारचे साडेबारा झालेले असतात. शरीराला मात्र हे पटायला वेळ लागतो. ढोबळमानाने दिवसाला एका तासाचा फरक ते पचवतं, आणि पूर्वेकडे आल्यावर अधिक कष्टाने. परतीचं विमान लवकर पोचतं, पण झोप बसायला जास्त दिवस लागतात. नातवंडांकडून परतलेल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना दुपारी पेंग येते तेव्हा त्यांना झोपू द्यावं.

विमानं याहून किती लांब जाणार, हा प्रश्न उरतो. सिंगापूर–न्यूयॉर्क हे १५,३००हून अधिक किलोमीटरचं अंतर आज थेट पार होतं, साधारण पावणेएकोणीस तासांत. ऑस्ट्रेलियाची क्वांटास सिडनीहून लंडनला, म्हणजे १७,००० किलोमीटर, थेट नेण्यासाठी जादा टाकी असलेली एअरबस ए-३५० बनवून घेत आहे. याला पृथ्वीनेच घातलेली मर्यादा आहे. तिचा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर, म्हणून कुठलीही दोन ठिकाणं एकमेकांपासून २०,००० किलोमीटरपेक्षा दूर असूच शकत नाहीत.

मुंबईच्या नेमका विरुद्ध बिंदू दक्षिण प्रशांत महासागरात पडतो, १९ अंश दक्षिण आणि १०७ अंश पश्चिमेला. भोवती पाणीच पाणी. तिथून सर्वांत जवळचा प्रवासी विमानतळ ईस्टर बेटावरचा मातावेरी, त्या बिंदूपासून सुमारे ९२० किलोमीटरवर. मुंबईपासून त्याचं अंतर सुमारे १९,१०० किलोमीटर आहे. आज तिथे पोचायला चिलीची राजधानी सँटियागो गाठून पुढे समुद्रावरून आणखी पाच तासांहून अधिक जावं लागतं. पण एखादं विमान कधी मुंबईहून थेट तिथे निघालं, तर त्याला जवळची वाट निवडण्याची फारशी गरज राहणार नाही. अगदी उलट दिशेने निघालं तरी प्रवास जेमतेम अठराशे किलोमीटरने वाढेल. त्या दिवशी पूर्वेला जायचं की पश्चिमेला, हे डिस्पॅचर वाऱ्याचा तक्ता पाहून ठरवेल, आणि बहुधा पूर्वेलाच जाईल.